कर्करोगावरील सुवर्णकण : मालकी कोणाची?

कर्करोगावर रामबाण उपाय सापडल्याच्या वार्ता वृत्तपत्रांत वर्षातून दोन-चार वेळा तरी झळकतात. अलीकडे या वार्तांमध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना मानाचे स्थान मिळाले आहे. हे कण रोग्याच्या शरीरात सोडायचे, गाठीवर प्रकाशाचा झोत टाकायचा, की कण तापतात आणि गाठ जळून जाते, असे सुटसुटीत चित्र रंगविले जाते. वाचक क्षणभर सुखावतो आणि पान उलटतो. परळच्या पदपथावर पथारी टाकून तपासणीच्या तारखेची वाट पाहणाऱ्या रोग्याच्या नातलगांना मात्र एक साधा प्रश्न पडतो : हे औषध आमच्या माणसाला मिळणार काय? बातमीत त्याचे उत्तर नसते. तो प्रश्न मालकीचा आहे, आणि विज्ञानाच्या बातमीत मालकीची चौकशी करण्याची प्रथा या देशातील वृत्तपत्रांनी पाडलेलीच नाही.

समाजवादी कार्यकर्त्यांनी ही चौकशी आजच केली पाहिजे. हे उपचार अद्याप चाचण्यांच्या टप्प्यात आहेत. एकदा ते बाजारात आले, पेटंटांची कुंपणे पक्की झाली आणि किमती ठरल्या, की मग मोर्चे काढून हाती फारसे काही लागत नाही, हा औषधांच्या बाबतीतला जुना अनुभव आहे.

शास्त्र काय सांगते?

प्रथम शास्त्राची बाजू समजून घेणे इष्ट. उष्णतेने पेशी मरतात हे ज्ञान नवे नाही. शरीरातील उतींचे तापमान 42-43 अंशांच्या वर काही काळ राहिले तर पेशी दुबळ्या होतात. 50 अंशांच्या पुढे त्या अल्पावधीतच मृत होतात. अडचण असते ती उष्णता केवळ गाठीतच निर्माण करण्याची आणि भोवतालचे निरोगी मांस वाचविण्याची. येथे सोन्याचा एक विशेष गुण कामी येतो. सोन्याचा कण पुरेसा सूक्ष्म असला म्हणजे त्यातील मुक्त इलेक्ट्रॉन विशिष्ट लांबीच्या प्रकाशलहरीबरोबर एकदम डोलू लागतात, तो प्रकाश शोषून घेतात आणि त्याचे उष्णतेत रूपांतर करतात. कणाचा आकार व जाडी बदलून कोणता प्रकाश शोषला जावा हे ठरविता येते. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, त्यातही दृश्य प्रकाशाला लागून असलेला पट्टा, रक्तामांसातून त्यातल्या त्यात सहजतेने पार होतो. म्हणून कण त्याच प्रकाशासाठी घडविले जातात.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात नेओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या गोळीवर सोन्याचे पातळ कवच चढवून असे कण तयार केले. त्यांचा व्यास सुमारे 150 नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पाचशेवा भाग. गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या आणि गळक्या असतात. त्या फटींतून हे कण गाठीत शिरतात व साचतात. 2003 मध्ये या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. 2019 मध्ये पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या, फारशा न पसरलेल्या कर्करोगावरील पहिल्या चाचणीचा अहवाल आला. 16 रोग्यांपैकी 15 जणांवर उपचार पूर्ण करता आले, आणि त्यांच्या मूत्रविषयक वा लैंगिक कार्यात लक्षणीय बिघाड आढळला नाही. प्रोस्टेटवरील प्रस्थापित शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ पुरुषांना जे भोगावे लागते ते पाहता ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु 16 रोगी म्हणजे 16 रोगीच. त्यावरून कर्करोग जिंकला असे म्हणणे ही लोकांची फसवणूक होय. या शास्त्राच्या मर्यादाही शास्त्रज्ञांनीच मांडल्या आहेत. टोरोंटो येथील संशोधकांनी 2016 मध्ये आधीच्या दहा वर्षांतील प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा शरीरात सोडलेल्या सूक्ष्म कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे 0.7 टक्के निघाले. उरलेल्या कणांचा मोठा भाग यकृत व प्लीहेत अडकतो, आणि सोने तर शरीरात विरघळत नाही. अवरक्त प्रकाशही काही सेंटिमीटरांपलीकडे प्रभावी राहत नाही; खोल गाठीसाठी प्रकाशवाहक तंतू सुईतून आत घालावा लागतो. शरीरभर पसरलेल्या रोगावर हा उपाय एकट्याने चालणार नाही. तेव्हा हे एक उपयुक्त हत्यार ठरू शकते, इतकेच आज प्रामाणिकपणे म्हणता येईल. पण ज्या हत्याराने माणसे वाचू शकतात ते कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न त्यामुळे गौण ठरत नाही.

पैसा कोणाचा, मालकी कोणाची?

राइस विद्यापीठातील हे संशोधन कोणा धाडसी भांडवलदाराच्या खिशातून उभे राहिलेले नाही. अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान आणि संरक्षण खात्याचा कर्करोग संशोधन कार्यक्रम यांसारख्या सरकारी तिजोऱ्यांनी त्याला पोसले. अपयशाची भीती सर्वांत मोठी होती त्या काळात पैसा करदात्यांचा होता. शोध आकाराला येताच पेटंट आणि कंपनी पुढे आली. अमेरिकेत 1980 च्या बे-डोल कायद्याने हा मार्ग राजरोस खुला केला. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचे पेटंट विद्यापीठाने आपल्या नावे करावे आणि खाजगी कंपनीला एकाधिकारासह बहाल करावे, अशी ती व्यवस्था आहे.

या व्यवस्थेची फळे पाहण्यास दूर जावे लागत नाही. एन्झालुटामाइड हे प्रोस्टेटच्याच कर्करोगावरील औषध. त्याचा शोध सरकारी अनुदानाच्या आधारे कॅलिफोर्निया विद्यापीठात लागला. 2016 मध्ये या औषधावरील स्वामित्वधनाचे हक्क 1.14 अब्ज डॉलरना एका वित्तसंस्थेला विकले गेले. इतर श्रीमंत देशांच्या तुलनेत अमेरिकेतील रोग्याला त्यासाठी कितीतरी अधिक किंमत मोजावी लागत होती. तेथील कायद्यानुसार सरकारला अशा प्रसंगी हस्तक्षेप करून इतरांना उत्पादनाचा परवाना देता येतो. रोग्यांनी तशी मागणी केली. मार्च 2023 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ती फेटाळली. कायद्यात कलम आहे, चार दशकांत या संस्थेने ते एकदाही वापरलेले नाही. ज्या जनतेने संशोधनासाठी पैसा दिला तिनेच औषधासाठी पुन्हा पैसा द्यायचा, तोही दामदुपटीने, असा हा व्यवहार आहे.

खाजगी मालकीचा आणखी एक धोका आहे, आणि त्याची चर्चा फारच थोडी होते. जर्मनीतील एका कंपनीने लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण मेंदूच्या गाठीत सोडून ते चुंबकीय क्षेत्राने तापविण्याची पद्धत विकसित केली होती. उष्णतेची कल्पना तीच, फक्त प्रकाशाच्या जागी चुंबक. 2010 मध्ये युरोपात तिला मान्यताही मिळाली. 2022 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. एखादी उपचारपद्धती रुग्णाला उपयोगी आहे की नाही याचा निर्णय वैद्यकाने करायचा, की कंपनीच्या ताळेबंदाने? उपचार चांगला असला तर नफेखोरीने महागणार आणि नफा नसला तर वाऱ्यावर सोडला जाणार, अशा दुहेरी कैचीत रोगी सापडतो.

पेटंटवाद्यांचा दावा

पेटंट नसेल तर कोण कशाला संशोधन करील, हा सवाल मोठ्या आत्मविश्वासाने विचारला जातो. भारताचा अनुभव या सवालाला चोख उत्तर देतो. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या 1959 च्या अहवालाच्या पायावर 1970 चा पेटंट कायदा उभा राहिला. त्याने औषधाच्या पदार्थावरील पेटंट नाकारले, केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवर ठेवले. त्याच काळात भारतीय औषध उद्योग बहरला आणि जगातील गरिबांना परवडणारी औषधे पुरवू लागला. जागतिक व्यापार संघटनेच्या कराराखाली 1 जानेवारी 2005 पासून पदार्थावरील पेटंट परत आले. तरीही लोकांच्या लढ्यामुळे काही तटबंद्या शाबूत राहिल्या. त्यांच्याच बळावर 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक औषधाच्या पेटंटचा दावा नामंजूर केला.

त्याआधी, 9 मार्च 2012 रोजी, मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधासाठी भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला. मूळ पेटंटधारक कंपनी महिन्याच्या मात्रेला 2,80,428 रुपये घेत होती. परवान्यानंतरची किंमत सुमारे 8,800 रुपये ठरली. पेटंटधारकाला विक्रीवर 6 टक्के स्वामित्वधन देऊनही हे शक्य झाले. औषधाचा गुण तोच राहिला. कमी झाली ती मक्तेदारीची खंडणी. सोन्याच्या कणांचा उपचार महाग असणारच, कारण सोनेच महाग, असे भोळेपणाने मानणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत. सराफ बाजारातील भावापेक्षा पेटंट कार्यालयातील कागद औषधाची किंमत अधिक ठरवितो. आणि या परवान्यानंतरच्या सबंध दशकात दुसरा सक्तीचा परवाना एकाही औषधासाठी दिला गेला नाही, ही येथील राज्यकर्त्यांच्या हिमतीची मोजदाद आहे.

प्रस्तुत उपचाराच्या दृष्टीने भारतीय कायद्यातील एक कलम विशेष महत्त्वाचे आहे. कलम 3 (आय) अन्वये मनुष्यावर उपचार करण्याच्या पद्धतीवर या देशात पेटंट मिळूच शकत नाही. म्हणजे कण शरीरात सोडून प्रकाशाने गाठ तापविण्याची पद्धत ही कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही. मात्र कणाची विशिष्ट घडण आणि प्रकाश देणारे यंत्र यांवर मालकी सांगता येते, आणि कुंपण तेथेच घातले जाणार. मुक्त व्यापाराच्या करारांच्या वाटाघाटींत हे कलम वा त्याची भावंडे सौदेबाजीत गहाण पडणार नाहीत, यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला पाहिजे.

स्वदेशीचा मुखवटा

येथे कोणी म्हणेल की परदेशी कंपन्यांची उदाहरणे कशाला, भारतीय शास्त्रज्ञ स्वस्त उपचार शोधतीलच. भारतीय शास्त्रज्ञांच्या कर्तृत्वाविषयी शंका नाही. पवई येथील आय.आय.टी. आणि खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनसंस्थेतील शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये मेदाच्या सूक्ष्म पिशवीवर सोन्याचा मुलामा दिलेले कण प्रसिद्ध केले. प्रकाशाने गाठ तापविल्यानंतर ते मोडून लहान होतात आणि यकृत व मूत्रपिंडाच्या वाटेने शरीराबाहेर पडू शकतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. सोने शरीरात साचून राहण्याच्या अडचणीला हे थेट उत्तर आहे. 2007 साली केंद्र सरकारने 1,000 कोटी रुपयांची तरतूद करून नॅनो विज्ञानासाठी स्वतंत्र मोहीम सुरू केली, आणि असे संशोधन करू शकणारी पिढी सार्वजनिक संस्थांनीच घडविली. याचा अभिमान श्रमिकांनीही बाळगावा. तो त्यांच्या घामाचा पैसा आहे.

तथापि स्वदेशी शोध आपोआप जनतेचा होत नाही. त्याच दोन संस्थांच्या सहकार्यातून रक्ताच्या कर्करोगावर पेशींचा एक नवा उपचार विकसित झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशात तीन-चार कोटी रुपयांना पडणारा हा उपचार येथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आला, ही निःसंशय मोठी कामगिरी आहे. पण तो विकला जातो कंपनीमार्फत. आणि 40 लाख म्हणजे किती? 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. मजुराला वर्षाचे 300 दिवस काम मिळाले आणि त्याने एक पैसाही खाण्यावर खर्च केला नाही, तरी ही रक्कम जमविण्यास त्याला सुमारे 45 वर्षे लागतील. लोकार्पण या शब्दातील लोक कोण, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला देशद्रोही ठरवू नये.

बे-डोलची भारतीय आवृत्ती आणण्याचा प्रयत्नही होऊन गेला आहे. डिसेंबर 2008 मध्ये सार्वजनिक निधीतून निर्माण होणाऱ्या बौद्धिक संपदेविषयीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. विरोधामुळे ते कायद्यात उतरले नाही. परंतु विधेयक पडले तरी वृत्ती मेली नाही. आज विद्यापीठांवर आणि संशोधनसंस्थांवर दबाव आहे तो पेटंटांची संख्या वाढविण्याचा आणि कंपन्या काढण्याचा. जे विधिमंडळात जमले नाही ते अनुदानाच्या अटींतून आणि परिपत्रकांतून साधले जात आहे.

दोन चुकीच्या वाटा

या प्रश्नावर पुरोगामी गोटातही दोन चुकीच्या वाटा दिसतात. एक वाट नव्या विज्ञानाला श्रीमंतांचे चोचले म्हणून झिडकारण्याची. गरिबाला साधे औषध मिळत नाही, तेथे सोन्याचे कण कशाला, असा हा सूर. त्यातील संताप खरा आहे. मुंबईतील झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या प्रदीर्घ अभ्यासात, दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसेटिक आम्लाने, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते त्याच आम्लाने, गर्भाशयमुखाची तपासणी केली आणि त्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासाच्या रचनेवर नैतिक आक्षेप घेतले गेले. पण साध्या साधनाने जीव वाचतात हे त्याने सिद्ध केले. गर्भाशयमुखावरील कर्करोगपूर्व व्रण साध्या तापलेल्या शलाकेने अर्ध्या-एक मिनिटात नष्ट करण्याच्या पद्धतीला जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मार्गदर्शक नियमही घालून दिले. उष्णतेचा हा उपचार तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचविण्यास कोणत्याही सूक्ष्म कणाची गरज नाही, इच्छाशक्तीची आहे.

पण यावरून नवे शास्त्र नाकारणे म्हणजे शत्रूच्या हाती शस्त्र देऊन मोकळे होणे होय. 2022 च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला 14 लाखांवर नवे कर्करोगी आढळले आणि 9 लाखांवर मरण पावले. पुरुषांत पहिला क्रमांक तोंडाच्या कर्करोगाचा. तंबाखू, गुटखा, मशेरी यांनी पोखरलेले हे तोंड बहुतांशी कष्टकऱ्याचे असते. तोंडातील गाठ पृष्ठभागाजवळ असते. प्रकाश तेथे सहज पोहोचतो. म्हणजे या उपचाराची खरी परीक्षा येथील हमाल, शेतमजूर आणि विडी कामगार यांच्या रोगावर व्हावयास हवी. अमेरिकन कणांची प्रारंभीची एक चाचणी डोके व मानेच्या कर्करोगावर झाली होती. गाजली ती मात्र प्रोस्टेटची. कोणत्या रोगावर आधी संशोधन व्हावे हे बाजारपेठ ठरवील, की रोग्यांची संख्या? श्रमिकांच्या चळवळीने नव्या विज्ञानाकडे पाठ फिरविली तर हा निर्णय बाजारपेठच करणार.

दुसरी चुकीची वाट गतवैभवाची. सुश्रुताने अग्निकर्म सांगितले आहे आणि वैद्य सुवर्णभस्म देतच आले आहेत, तेव्हा यात नवे ते काय, असा प्रचार करून भस्माच्या पुड्या विकणारे आहेतच. सुश्रुताचा अग्निकर्माचा विचार त्याच्या काळात थोर होता. पण विशिष्ट जाडीचे कवच विशिष्ट प्रकाशलहरीला प्रतिसाद देते, हे मोजून सिद्ध केलेले ज्ञान भस्माच्या पुडीत नसते. या भ्रमाची किंमत गाठ वाढेपर्यंत घरी थांबणारा रोगी आपल्या प्राणाने मोजतो.

मागणी आजच का?

सार्वजनिक क्षेत्राला हे जमणार नाही, हा आक्षेप शेवटी येतोच. त्याला इतिहासाचे उत्तर आहे. पिंपरीचा हिंदुस्थान ॲन्टिबायोटिक्स कारखाना 1954 मध्ये उभा राहिला आणि पेनिसिलीन या देशात सरकारी मालकीत बनू लागले. पुढे त्याची जी उपासमार झाली ती धोरणाने केली. भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोपचाराचे कोबाल्ट यंत्र देशात विकसित केले, भाभाट्रॉन या नावाने ते परदेशांतही गेले. टाटा स्मारक रुग्णालय 1962 पासून अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत चालते आणि देशभरच्या गरिबांचा तोच आधार आहे. कण बनविणारी प्रयोगशाळा, प्रकाशयंत्र बनविणारा कारखाना आणि उपचार करणारे रुग्णालय ही तिन्ही अंगे सार्वजनिक क्षेत्रात आधीच आहेत. नाही ती त्यांना जोडणारी राजकीय इच्छा.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. सरकारी अनुदानातून निघालेल्या कोणत्याही कर्करोग-उपचाराचा एकाधिकार एकाच कंपनीला देता कामा नये. परवाना खुला असावा आणि अनुदानाच्या करारातच किमतीची मर्यादा असावी. संस्था व कंपन्या यांच्यातील करार जनतेसमोर ठेवले जावेत. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्याचा वापर कार्यकर्त्यांनी त्यासाठी करावा. सरकारी रुग्णालयांतील ज्या गरीब रोग्यांच्या देहावर चाचण्या होतील, त्यांना चाचणीनंतर उपचार मिळण्याची तरतूद 2019 च्या औषध चाचणी नियमांत आहे. तिची अंमलबजावणी होते की नाही हे तपासले जावे. पेटंट कायद्यातील कलम 100 सरकारला सार्वजनिक हितासाठी कोणतेही पेटंट वापरण्याचा अधिकार देते. तो वापरण्याची तयारी सरकारने आधीच जाहीर करावी. आणि या सर्वांच्या जोडीने तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमाने व्हावी. रोग उशिरा सापडला तर सोन्याचा कणही हतबल आहे.

ज्या रोग्यांचे नातलग परळच्या पदपथावर रात्र काढतात, त्यांच्याच करातून पवई आणि खारघर येथील प्रयोगशाळा चालतात. काडेपेटीसारख्या साध्या खरेदीवरही ते कर भरत आले आहेत. त्यांनी आपला वाटा आगाऊ चुकता केला आहे. उपचार तयार होईल तेव्हा त्यांच्या हाती पुन्हा लाखांचे बिल पडू नये, यासाठी लढण्याची वेळ औषध बाजारात येण्याच्या आधीची आहे, आणि ती आज आहे.